धन भूमीचे, घर सर्वांचे
(सुवर्ण महोत्सवानिमित्त पडघा येथे दिलेले व्याख्यान)



पडघ्याच्या परिसरात विहीर खणताना पहार ज्या काळ्या कातळावर आपटते, तो सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेला आहे. त्या कातळाच्या पोटात काय दडले आहे, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. परंतु त्याच्या पाठीवरील जमिनीला काय भाव येईल, हा विचार आज घरोघरी आहे. महामार्गालगत गोदामे उभी राहिली. 2025 मध्ये समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत पूर्ण झाला. जमिनीला मोल आले आणि मोलामागोमाग वाटणी आली. गुंठाभर जागेपायी सख्ख्या भावांचे बोलणे थांबले, अशी घरे कोणत्या गावात नाहीत? म्हणूनच एका दूरदेशीच्या भूशास्त्रज्ञाचे चरित्र आज आठवावेसे आहे. त्यांचे नाव वॉलेस एव्हरेट प्रॅट.

प्रॅट यांचा जन्म 15 मार्च 1885 रोजी अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील फिलिप्सबर्ग या लहानशा गावी झाला. कॅन्सस विद्यापीठातून शिक्षण पूर्ण करून ते 1909 मध्ये फिलिपिन्समध्ये सरकारी भूशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले. तेथून परतल्यावर टेक्सासमध्ये त्यांनी खनिज तेलाच्या शोधाला वाहून घेतले. 1918 मध्ये हंबल ऑइल कंपनीने त्यांना आपले पहिले भूशास्त्रज्ञ म्हणून नेमले. तोपर्यंत तेलाचा शोध बराचसा नशिबावर आणि अंदाजावर चाले. त्या व्यवसायाला शास्त्राची शिस्त लावणाऱ्या पिढीचे प्रॅट हे एक अग्रणी होत.

तेल म्हणजे जमिनीखालचे तळे नव्हे. प्राचीन समुद्रातील सूक्ष्म जीवांचे अवशेष गाळाखाली गाडले जातात. कोट्यवधी वर्षांच्या उष्णतेने आणि दाबाने त्यांचे तेल होते. ते सच्छिद्र खडकात झिरपते आणि वर घट्ट खडकाचे झाकण असेल तरच टिकून राहते. ताग्याचे टोक हाती घेऊन अनुभवी व्यापारी संपूर्ण मालाची परीक्षा करतो, त्याप्रमाणे उघड्या पडलेल्या थरांवरून भूशास्त्रज्ञ खोल दडलेल्या थरांचा अंदाज बांधतो. तेल आधी शोधणाऱ्याच्या मनात गवसावे लागते आणि मगच ते जमिनीत सापडते, असे प्रॅट यांचे प्रतिपादन होते. ‘येथे तेल नाही’ असे ज्याने ठरवून टाकले, तो तेथे खणणारच नाही. त्यांच्याच आग्रहामुळे कंपनीने 1933 मध्ये किंग रँच या अफाट जहागिरीवर तेलशोधाचे हक्क घेतले. सागरतळाखालीही विपुल तेल असावे, असे त्यांनी 1940 च्या दशकात मांडले होते. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या पश्चिमेस भरसमुद्रात तेल शोधून काढले, तेव्हा आपल्या किनाऱ्यालाही त्या विचाराचा प्रत्यय आला.

1921 मध्ये, तेलाच्याच कामानिमित्त पश्चिम टेक्सासमध्ये असताना, प्रॅट यांना ग्वाडालुपे पर्वतातील मॅककिट्रिक दरी दाखविण्यात आली. भोवती रखरखीत वाळवंट. मध्ये झुळझुळणारा झरा आणि शरद ऋतूत लाल होणारी मेपलची झाडे. हा पर्वत म्हणजे 26 कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या समुद्रातील जीवांनी रचलेला चुनखडीचा बांध. तेलाच्या शोधार्थ आलेला हा माणूस त्या निसर्गावर लुब्ध झाला आणि तेथील जमीन त्याने हळूहळू विकत घेतली.

1931-32 च्या सुमारास त्यांनी तेथे एक दगडी घर बांधले. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यातून कुटुंबाला विसावा मिळावा, हा हेतू. त्या घराचे छपरसुद्धा दगडी फरश्यांचे. आत साध्या फळ्यांच्या खुर्च्या, चार पलंग, टांगलेले झोळे आणि बारा माणसे एका पंगतीला बसतील असे खास मेज. मोठ्या कंपनीचा हा अधिकारी डामडौलाची कोणतीही वस्तू तेथे घेऊन गेला नाही. सर्वांना एकत्र जेवता येईल एवढी तजवीज मात्र त्याने आवर्जून केली. एकदा पुराच्या पाण्याने वाट अडून कुटुंब दरीत अडकले, तेव्हा त्यांनी दरीबाहेर उंचावर दुसरे घर उभारले.

1937 मध्ये प्रॅट न्यू जर्सीच्या स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या संचालक मंडळावर गेले आणि 1942 मध्ये उपाध्यक्ष झाले. 1945 मध्ये निवृत्त होताच ते महानगर सोडून पर्वताच्या पायथ्याच्या घरी राहावयास आले. सोबत पत्नी आयरिस होत्या. स्त्रियांच्या मताधिकारासाठी 1917 मध्ये तुरुंगवास सोसलेल्या त्या बाणेदार विदुषी.

यानंतर त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय आला. वयाची पंचाहत्तरी गाठत असता, 1959 ते 1961 या काळात, प्रॅट यांनी दरीतील 5,632 एकर जमीन राष्ट्रीय उद्यानासाठी सरकारला दान केली. कुटुंबाच्या उन्हाळ्यांचे साक्षी असलेले ते दगडी घरही त्यात आले. ज्याला कुटुंबाचा जिव्हाळा नाही, त्याला असे देणे सोपे. येथे तर बारा जणांचे मेज मांडणाऱ्याने दिले! भूमीखालचे धन ओळखण्यात ज्याची हयात गेली, त्याने भूमीचे मोल जाणले नव्हते, असे कोण म्हणेल? त्याने ते पुरते जाणले, म्हणूनच ती भूमी तुकड्यातुकड्यांनी विखुरली जाऊ दिली नाही.

1972 मध्ये ग्वाडालुपे पर्वत राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. 25 डिसेंबर 1981 रोजी, वयाच्या 97 व्या वर्षी, प्रॅट यांनी टुसान शहरी देह ठेवला. आजही सुमारे चार किलोमीटर पायपीट करून माणसे त्या घरापाशी येतात आणि ओसरीवर क्षणभर विसावतात. त्यांना तेथे कोणी परके म्हणत नाही.

मित्रहो, प्रत्येकाला दरी दान करता येणार नाही, आणि मुलाबाळांसाठी काही राखून ठेवणे हा गृहस्थाचा धर्मच आहे. पण वाटणीचा कागद करण्याआधी घरातल्या सर्वांनी एकदा एका पंगतीला बसावे. जमिनीचे मोजमाप त्यानंतर व्हावे. आणि त्या मोजमापातून गावाच्या शाळेसाठी, वाचनालयासाठी, पाणपोईसाठी एखादा तुकडा बाजूला काढता आला, तर पुढची पिढी वडीलधाऱ्यांचे नाव सातबाऱ्यावर शोधीत बसणार नाही.