सैनिकी घरातला बॅरिस्टर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कायद्याच्या क्षेत्रातील कर्तृत्व सर्वश्रुत आहे. ते काही दिवस लष्करी अधिकारी होते, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. घरोघरी फौजेची परंपरा जपणाऱ्या सातारा जिल्ह्यात, पाटणसारख्या खोऱ्यात, ती सांगणे अगत्याचे आहे.

त्यांचे वडील सुभेदार-मेजर रामजी सकपाळ हे महू येथील लष्करी शाळेचे मुख्याध्यापक. तेथेच १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेबांचा जन्म झाला. गावच्या शाळेचा उंबरठा ज्यांना बंद होता, त्यांच्या मुलांना छावणीत अक्षरओळख होत असे. पुढे इंग्रज सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा केवळ पोटाचे साधन गेले नाही, शाळाही गेली. या आज्ञेविरुद्ध अर्ज करण्यासाठी रामजींनी न्यायमूर्ती रानडे यांचे साहाय्य घेतले होते.

निवृत्तीनंतर हे कुटुंब साताऱ्यास आले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाबासाहेबांचे नाव तेथील सरकारी हायस्कुलात दाखल झाले. त्यानंतर वर्षभरातच वडिलांच्या भेटीस निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. कऱ्हाडहून मसूर किती जवळ, हे पाटणकरांना सांगायला नको. नीटनेटक्या कपड्यांतील या मुलांची जात कळताच गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली, गाडीवान शेजारून पायी चालला. रात्रभर त्यांना प्यायला पाणी मिळाले नाही. सुभेदाराच्या मुलांची ही अवस्था!

जानेवारी १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या सैन्यात त्यांची लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली. थोड्याच दिवसांत वडिलांच्या आजारपणाची तार आली व ते मुंबईस परतले. २ फेब्रुवारीस रामजी निवर्तले. अमेरिका व लंडन येथील शिक्षणानंतर १९१७ मध्ये ते पुन्हा बडोद्यास गेले, या वेळी महाराजांचे लष्करी सचिव म्हणून. पद मोठे, पण शहरात राहावयास घर मिळेना, कचेरीतील शिपाई कागद दुरून टाकीत. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर पडावे लागले. नोकरी सुटली.

१९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात त्यांनी बॅरिस्टर म्हणून वकिली सुरू केली. 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेच्या खटल्यात केशवराव जेधे व दिनकरराव जवळकर यांची बाजू त्यांनी मांडली. 'समाजस्वास्थ्य'च्या खटल्यात र. धों. कर्वे यांच्यासाठी ते उभे राहिले. तेथे अपयश आले. महाडच्या चवदार तळ्याचा दावा तर दहा वर्षे चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. वकिलीवर पोट आणि चळवळ दोन्ही चालवणे किती कठीण असेल!

वडिलांनी अर्जात मांडलेला प्रश्न मात्र त्यांनी सोडला नाही. पहिल्या महायुद्धात १९१७ साली १११ वी महार पलटण उभी राहिली होती. युद्ध सरताच ती मोडली गेली. १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर त्यांची नेमणूक झाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली बटालियन स्थापन झाली. आज या रेजिमेंटमध्ये सर्व समाजांतील जवान आहेत. तिच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेत १९८७ मध्ये आलेल्या वीरमरणानंतर परमवीर चक्र देण्यात आले.