शिबिराचा यजमान कोण?

(ज्युबिलीनिमित्त भरणाऱ्या युवक-युवतींच्या शिबिरापूर्वी मौदा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



ज्युबिली या शब्दाचे मूळ जुन्या करारात आहे. लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात ५०वे वर्ष पवित्र मानावे, दासांस मोकळे करावे आणि ज्याचे वतन त्याच्याकडे परत जावे, असा नियम सांगितला आहे. अर्थात ज्युबिली हा केवळ आनंदोत्सव नव्हे. जे ज्याचे आहे ते त्याला परत देण्याचा तो काळ होय. तेव्हा शिबिराच्या मांडवाचा व भोजनाचा विचार करण्यापूर्वी आपण एवढे विचारू या की, ही मुले कोणाची? ती आईबापांची खरीच. परंतु बाप्तिस्म्याने ती प्रभूची झाली आहेत. शिबिर म्हणजे प्रभूची मुले काही दिवस प्रभूच्या हवाली करणे. यजमान तो आहे. आपण केवळ वाढपी आहोत.

शिबिराची ही रीत आजकालची नव्हे. संत मार्काच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायात प्रेषित सेवाकार्याहून थकून परत येतात, आणि प्रभू त्यांस एकांत स्थळी विसाव्यासाठी घेऊन जातो. त्याच शुभवर्तमानाच्या ३ऱ्या अध्यायात बारा जणांची निवड करताना प्रभूने दोन हेतू ठेवले: त्यांनी आपल्या सहवासात असावे, आणि मग आपण त्यांस पाठवावे. हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी सहवास, मागून कार्य. आपण बहुधा उलट करतो. कार्यक्रमांची गर्दी इतकी करतो की सहवासाला जागाच उरत नाही. जणू वरात वाजतगाजत निघाली आणि नवरदेव मात्र घरीच राहिला!

यावर कोणी म्हणेल, मग मुलांना खेळू द्यावयाचे नाही काय? तसे मुळीच नव्हे. नागपूरचे आपले कॅथीड्रल ज्या संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावे आहे, त्यांनी सौम्यतेने मने जिंकली. १५९४ साली शाब्ले प्रांतात लोक त्यांचे प्रवचन ऐकावयास येईनात, तेव्हा ते हस्तपत्रके लिहून लोकांच्या दारांतून आत सरकवीत. त्यांचेच नाव पुढे संत जॉन बॉस्को यांनी आपल्या संस्थेस दिले. ८ डिसेंबर १८४१ रोजी तुरीन शहरात एका पोरक्या मुलाला प्रेमाने जवळ बसवून नमो मरियेची प्रार्थना शिकविण्यापासून डॉन बॉस्कोंचे कार्य सुरू झाले. ते मुलांबरोबर खेळत, शरद ऋतूत त्यांना घेऊन गावोगाव पायी सहली काढीत; परंतु त्या सहलींत मिस्सा व प्रार्थना यांना ठरलेले स्थान असे. त्याच तुरीनमध्ये १९०१ साली जन्मलेले पियेर जॉर्जो फ्रासाती मित्रांसह डोंगर चढत, हसत, थट्टा करीत, आणि शहरात परतल्यावर दरिद्री लोकांच्या घरी मदत पोहोचवीत. १९२५ साली अवघ्या २४व्या वर्षी त्यांचे निधन झाले, आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांस संत म्हणून घोषित केले. आनंद आणि भक्ती यांचे वैर नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

आता व्यवहाराचे बोलू. कार्यक्रमपत्रिका हे कार्यकर्त्यांचे खरे श्रद्धापत्र होय. पवित्र मिस्सा दिवसाच्या शेवटी, मुले पेंगू लागल्यावर ठेवाल, तर न बोलताही मुलांस कळेल की आपल्या लेखी तिची किंमत किती. म्हणून मिस्सा सकाळच्या ताज्या वेळी असावी. पापनिवेदनासाठी पुरेसे धर्मगुरू व पुरेसा अवकाश असावा. रोज अर्धा तास संपूर्ण मौन असावे, आणि त्या वेळी मोबाइल दूर ठेवलेले असावेत. मुलांचे आणि आपलेही. एक प्रहर गावातील वृद्ध व आजारी यांच्या भेटीसाठी राखावा.

भात रांधणाऱ्या भगिनींस व पाणी भरणाऱ्या बांधवांस मिस्सेला बसता येईल, अशा पाळ्या लावाव्यात. जो दिवसभर प्रभूच्या मुलांस वाढतो, त्याने स्वतः उपाशी राहू नये. मुलींची निवास-व्यवस्था स्वतंत्र असावी व तिची देखरेख जबाबदार स्त्रियांकडे असावी. कन्हान नदीच्या पात्रात कोणत्याही मुलाने वडीलधाऱ्यांवाचून उतरू नये. ही दक्षता श्रद्धेहून वेगळी गोष्ट नव्हे. दुसऱ्याचे धन सांभाळणारा कारभारी असाच जागरूक असतो. एखादा अन्यधर्मीय सोबती आई-बापांच्या संमतीने आला, तर त्याचे प्रेमाने स्वागत करावे, त्याच्यावर कसलीही सक्ती करू नये.

आणि शिबिर यशस्वी झाले, हे कशावरून ओळखावे? संख्येवरून नव्हे. १९९५ साली मनिला येथे जागतिक युवा दिनाच्या मिस्सेस ४० लाखांहून अधिक लोक जमल्याचा अंदाज सांगतात. तो सोहळा थोर खराच. परंतु प्रभूने जगाचा पालट बारा जणांपासून आरंभिला. मौद्याच्या विद्युत केंद्राची धुरांडी कित्येक कोसांवरून दिसतात. पण वीज निर्माण होते ती भट्टीतील अग्नीमुळे. तो विझला तर धुरांडे कितीही उंच असो, कोणाच्या घरी दिवा लागणार नाही. आपले फलक, छायाचित्रे, छापील सदरे ही सारी धुरांडी होत.

आपली मुले शिकावयास व पोट भरावयास नागपूर, बुटीबोरी, पुणे येथे जातात. तेथे भाड्याच्या खोलीत रविवारी सकाळी त्यांस हाक मारावयास आई नसते, आणि आम्हीही नसतो. त्या सकाळी तो तरुण आपण होऊन उठेल काय, हीच शिबिराची परीक्षा. म्हणून शिबिरानंतर दोन महिन्यांच्या आत प्रत्येक मुलाच्या घरी कोणी तरी जावे, त्याची विचारपूस करावी, आणि बाहेरगावी गेलेल्याला तेथील चर्चचा पत्ता कळवावा. हे काम ज्यांस पत्करावयाचे आहे, त्यांनी आपली नावे आजच द्यावीत. स्वयंपाकाच्या यादीआधी ही यादी पुरी व्हावी, अशी आमची विनंती आहे.

काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपल्याचे प्रथम पवित्र मातेच्या ध्यानात आले. आपल्या शिबिरात काय उणे आहे, ते तिने आपल्या पुत्रास सांगावे; आणि तो जे सांगेल ते करण्यास आपण सर्व तत्पर असावे, हीच आमची प्रार्थना. आमेन.