दोन दिवसांचा ब्लॉक : तिरुचिरापल्ली आणि तंजावर
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी पडलो रेल्वेचा डिप्लोमावाला इंजिनिअर. माइकसमोर बोललो तो फक्त सेफ्टी सेमिनारमध्ये. पण सेक्रेटरींनी सांगितले, "कावेरीकाठी शनिवार-रविवारात जाऊन आलात, ते सांगा." म्हणून उभा आहे.

आमच्या अण्णांना तंजावरच्या मंदिरातला मराठी शिलालेख पाहायचा होता. नोकरीत रजा मिळाली नाही, पुढे तब्येतीने साथ दिली नाही. ते गेल्यावर आई एकदाच म्हणाली, "आपण तरी जाऊन येऊ." तिचे वय ७४, गुडघे दुखरे. तेव्हा मोठी यात्रा नको, दोनच दिवस, असे ठरले.

जयपूरहून चेन्नईला सुपरफास्टनेही दोन रात्री जातात. म्हणून शुक्रवारी विमानाने चेन्नई, रात्री एग्मोरहून रॉकफोर्ट एक्सप्रेस आणि पहाटे तिरुचिरापल्ली. रविवारी रात्री तसेच परत, सोमवारी एक सीएल. रेल्वेवाल्याने विमानाचे तिकीट काढले म्हणून ऑफिसात आठवडाभर चेष्टा झाली.

तारीख मात्र कावेरीला विचारून ठरवावी. मेट्टूर धरणाचे पाणी रिवाजाप्रमाणे १२ जूनला सोडतात आणि २८ जानेवारीला बंद करतात. साठ्यानुसार पुढेमागे होते. उन्हाळ्यात गेलात तर वाळू पाहून याल. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे पाऊस, जानेवारीच्या मध्यात पोंगलची गर्दी. म्हणून आम्ही २१ आणि २२ जानेवारी २०२३ धरली.

शनिवारी श्रीरंगम पाहिले. कावेरी आणि कोळ्ळिडम या दोन पात्रांमधले ते बेट. राजगोपुर २३६ फुटी, पण पुरे झाले ते १९८७ साली! संध्याकाळी रॉकफोर्ट. शिखरावर उच्ची पिळ्ळैयार म्हणजे आपलाच गणपती, चढायला चारशेहून अधिक पायऱ्या. आई पायथ्याच्या माणिक्क विनायकापाशी बसली. "हाही तोच आहे, तुम्ही जा वर," म्हणाली. वरून नदीचे पात्र पाहताना मलाच चुकल्यासारखे वाटत होते.

रविवारी माझी चूक झाली. ट्रॅफिक ब्लॉक मागतो तसा मिनिटामिनिटाचा तक्ता केला होता: सकाळी तिरुवैयारूला त्यागराजांची समाधी, मग तंजावर, परतताना कल्लणै. करिकाल चोळाच्या नावाने ओळखले जाणारे ते प्राचीन धरण पाहायची इंजिनिअर म्हणून मला फार हौस. पण तिकडची देवळे दुपारी बंद होतात, हे तक्त्यात नव्हते. बृहदीश्वराच्या दारात पोचलो आणि बाहेर काढायला सुरुवात झालेली. आई काही बोलली नाही. मुलगी मात्र बोलली, "बाबा, आजीसाठी आलोय ना आपण?"

कल्लणै रद्द केले. दुपार राजवाड्यात आणि सरस्वती महाल ग्रंथालयाच्या संग्रहात काढून चारनंतर पुन्हा मंदिरात गेलो. (दुपारी दगडी फरशी पाय भाजते, तेही टळले.) व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर घेतले, १८५५ नंतर राज्य उरले नाही. मधल्या काळात सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा इतिहास तिथल्या भिंतींवर कोरवून घेतला. ओळींमागून ओळी, देवनागरीत. माझी मुलगी जयपूरचीच, मराठी बोलते पण वाचायचा कंटाळा. ती बोट धरून एकेक अक्षर लावू लागली. अडले की आई अर्थ सांगे. दोघी तासभर हलल्या नाहीत.

शेजारी एक गृहस्थ ऐकत उभे होते. त्यांनी मराठीतच विचारले, बोलण्याची ढब निराळी, "आपण कुठले?" आई इतकी वर्षे याला "मूळचे साताऱ्याचे" असेच उत्तर देते. त्या दिवशी ती म्हणाली, "जयपूरचे. आणि तुम्ही?"

ते म्हणाले, "इथलेच."

कल्लणै राहिले आहे. येत्या जानेवारीत पुन्हा जायचा विचार आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी दिवाळीआधी नावे द्यावीत, म्हणजे रिझर्व्हेशनचे बघता येईल. तक्ता या वेळी आई करणार आहे.