न्यायाधीश परीक्षेचे शेवटचे एकवीस दिवस

(न्यायिक सेवा परीक्षेला बसणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



मी वकील नाही. इंजिनिअरिंग केले आणि गेली बारा वर्षे पुण्यात सॉफ्टवेअरचे काम करतो. मग कायद्याच्या परीक्षेवर हा काय बोलणार, असे तुम्हाला वाटत असेल तर ते रास्तच आहे. माझी धाकटी बहीण तालुका कोर्टात वकिली करते आणि दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, म्हणजे आपण ज्याला जेएमएफसी म्हणतो, त्या परीक्षेला बसते. दोन वर्षे रोज रात्री साडेदहाला व्हिडिओ कॉलवर मी प्रश्न विचारतो आणि ती उत्तरे देते. मागच्या वेळी तिची पूर्व परीक्षा निघाली, मुख्य परीक्षा थोडक्यात राहिली. आता घरात "अजून किती दिवस?" असे विचारले जाते. तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही हेच चालू असणार. म्हणून जे आम्हाला उपयोगी पडले तेवढेच सांगतो.

आधी हिशेब. पूर्व परीक्षा १०० गुणांची. ती चाळणी आहे, तिचे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. मुख्य परीक्षा २०० गुणांची आणि मुलाखत ५० गुणांची. म्हणजे पूर्व परीक्षेत पहिले यायची गरज नाही, चाळणीच्या वर राहायचे आहे. हे एकदा डोक्यात बसले की निम्मी घबराट जाते.

पहिले काम आज रात्रीच करा. अभ्यासक्रमाची यादी समोर घ्या आणि तीन रकाने पाडा: पक्के येते, अर्धवट येते, येत नाही. तिसऱ्या रकान्याच्या मागे आता धावू नका. पक्के आहे ते रोज अर्धा तास चाळा. बाकी सगळा वेळ मधल्या रकान्याला द्या, कारण गुण तिथे अडकलेले असतात. नवीन गाइड विकत घेऊ नका. मूळ कायद्याचे पुस्तक, आपल्या खुणा केलेले, तेवढे पुरे.

दुसरे, नवे फौजदारी कायदे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. ज्यांनी आधी जुने कायदे पाठ केले, त्यांची खरी अडचण नव्या कलमांची नाही. जुना आकडा नव्या कायद्यात दुसऱ्याच अर्थाने येतो, ही आहे. पूर्वी ३०२ म्हणजे खून. आता खुनाची शिक्षा १०३ मध्ये, आणि न्याय संहितेचे ३०२ हे धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याबद्दल आहे. ३०४ म्हणजे सदोष मनुष्यवध होता, तो १०५ मध्ये गेला; नवे ३०४ हिसकावून नेण्याचे, म्हणजे चेन स्नॅचिंगचे. जमावबंदीचे १४४ आता १६३ झाले, आणि नागरिक सुरक्षा संहितेतले १४४ हे पोटगीचे कलम आहे, जुने १२५. उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकाराचे ४८२ आता ५२८. नवे ४८२ अटकपूर्व जामिनाचे. अशा फसव्या आकड्यांचा एक वेगळा कागद करून भिंतीला लावा. संपूर्ण तक्ता पाठ करण्यापेक्षा हा एक कागद जास्त कामाचा.

त्याच्याच खाली एक ओळ लिहा: गुन्ह्याची तारीख. १ जुलै २०२४ च्या आधीच्या गुन्ह्याला दंड संहिताच लागते. प्रश्नात तारीख दिली असेल तर ती उगाच दिलेली नसते.

आता माझ्या पेशाजवळचा एक मुद्दा. इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे ६५ ब आता साक्ष्य अधिनियमात ६३ आहे. यावरचा महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्याचा आहे: अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, सर्वोच्च न्यायालय, २०२०. निवडणूक कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणाचा वाद होता. मूळ उपकरणच कोर्टात आणले नसेल तर प्रमाणपत्र लागतेच, असे न्यायालयाने सांगितले. नव्या कायद्यात प्रमाणपत्राचा नमुना दिला आहे आणि त्यात हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले तरी ठसा बदलतो. एवढे समजले की कलम पाठ करावे लागत नाही.

दिवाणी कायद्यात दिवसांचे आकडे एकत्र करा. कैफियत ३० दिवसांत, फार तर ९० दिवसांत. भाडे थकले तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याखाली नोटिशीनंतर ९० दिवस थांबावे लागते. महिनेवारी भाडेपट्टा संपवायला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०६ प्रमाणे १५ दिवस. मुदत कायद्याचे कलम ५ अपील आणि अर्जाला लागते, दाव्याला लागत नाही. हा प्रश्न फिरून फिरून येतो.

काही गोष्टी आपल्याला घरातूनच माहीत असतात, त्यांचा उपयोग करा. हिबा कसा होतो हे आपण पाहिलेले असते: देणाऱ्याने सांगायचे, घेणाऱ्याने कबूल करायचे, ताबा द्यायचा. मग कलम १२३ स्थावराच्या बक्षीसपत्राला नोंदणी मागते आणि १२९ मुस्लिम कायद्यातल्या दानाला त्यातून वगळते, हे चटकन लक्षात राहते. २०११ च्या हफीझा बीबी खटल्यात हिबा लेखी असला म्हणून नोंदणी सक्तीची होत नाही, असे ठरले. पोटगीची साखळीही अशीच तोंडपाठ हवी: शाहबानो १९८५, मुस्लिम महिला कायदा १९८६, डॅनियल लतीफी २००१, मोहम्मद अब्दुल समद २०२४. मुलाखतीत हे विचारले तर घरचे मत सांगू नका आणि भाषणही करू नका. कोणत्या निकालाने काय ठरवले, ते क्रमाने सांगा.

उर्दू माध्यमातून आलेल्यांना मराठीची धास्ती असते. कोर्टाची मराठी जरा कानावर घ्या: अर्ज, दावा, फिर्याद, मुदत, जामीन, ताबा, वकालतनामा, हुकूमनामा. यातला कोणता शब्द तुम्हाला परका आहे?

परीक्षेच्या दिवशी चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उत्तर द्या. असे चार प्रश्न सोडवले तर सरासरी दीड गुण पदरात पडतो. एकही पर्याय बाद होत नसेल तर चार प्रश्नांत जेमतेम पाव गुण मिळतो. त्यासाठी वेळ घालवू नका.

मुख्य परीक्षेसाठी आतापासून एक करा: आठवड्यातून दोन निकालपत्रे हाताने लिहा. थोडक्यात हकीकत, मुद्दे, प्रत्येक मुद्द्यावर निष्कर्ष, कारणे, शेवटी आदेश. लॅपटॉपची सवय लागलेला हात तीन तास चालत नाही.

२० मे २०२५ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. अनेक मुली निराश झाल्या, कारण तीन वर्षे म्हणजे घरच्यांना द्यायची आणखी तीन वर्षांची उत्तरे. जाहिरात नीट वाचा आणि ही वर्षे कनिष्ठ कोर्टात घालवा. फातिमा बीवी १९५० मध्ये वकील झाल्या, १९५८ मध्ये केरळमध्ये मुन्सिफ म्हणून लागल्या आणि १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. त्यांची सुरुवात या पहिल्याच पायरीवरून झाली.

शेवटी भावांना एक सांगतो. बहिणीची परीक्षा असेल तर हे एकवीस दिवस तिच्या वाट्याची भांडी आणि पाहुण्यांचा चहा तुम्ही करा. फॉर्म भरून दिला, केंद्रावर सोडले, एवढ्याने भागत नाही. पोटगीसाठी कडेवर मूल घेऊन आलेली बाई ज्या खुर्चीसमोर उभी राहते, त्या खुर्चीसाठी ही परीक्षा आहे. आपल्या मुलींनी तिथे बसावे असे खरोखर वाटत असेल तर त्यांना आज दोन तास शांत खोली द्या.

माझी बहीण मागच्या रांगेत बसली आहे. हा रविवारचा वेळ तिच्या मधल्या रकान्यातला गेला, तेव्हा आता थांबतो. प्रश्न असतील तर तिला विचारा, माझ्यापेक्षा नेमके उत्तर मिळेल.