कवितेच्या तळाशी गावाचं नाव

उज्जैनमध्ये राजकवी म्हटलं की कालिदासाखेरीज दुसरं नाव कुणाला सुचत नाही. १९५८पासून इथं त्याच्या नावाचा समारोहही भरतो. मला आज बोलायचं आहे ते आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातल्या राजकवीबद्दल. उज्जैन ज्या ग्वाल्हेर संस्थानात होतं, त्याच संस्थानाचे राजकवी, भास्कर रामचंद्र तांबे.

तांब्यांचा जन्म मुंगावलीचा. आज हे गाव अशोकनगर जिल्ह्यात येतं. शिक्षण झाशी आणि देवासला झालं. देवासच्या युवराजांना त्यांनी शिकवलं आणि पुढं मध्य भारतातल्या, राजपुतान्यातल्या संस्थानांत नोकऱ्या केल्या. पुण्या-मुंबईच्या साहित्यवर्तुळापासून ते आयुष्यभर लांबच राहिले.

त्यांचा संग्रह कधी उघडून पाहा. कवितेच्या माथ्यावर पुष्कळदा राग नाहीतर जाती दिलेली असते आणि तळाशी बारीक अक्षरांत गाव नि तारीख. अजमेर. प्रतापगड. लष्कर, ग्वाल्हेर. कविता वाचून झाली की माझी नजर हटकून त्या ओळीवर जाते. इतकी कोवळी, इतकी गाती मराठी राजपुतान्यातल्या कुठल्याशा मुक्कामी उमलली, हे तिथं पांढऱ्यावर काळं लिहिलेलं आहे. आणि माथ्यावर राग का? तांब्यांच्या कानात कविता आधी गाणं म्हणूनच येत असली पाहिजे, असं मला वाटतं.

अशा गात्या राजकवीवरून मला दूरचा एक दरबारी कवी आठवतो. अठराव्या शतकात मेतास्तासिओ नावाचा एक इटालियन कवी होता. १७३०मध्ये तो व्हिएन्नाच्या बादशाही दरबाराचा कवी झाला. जर्मन बोलणाऱ्या त्या शहरात पन्नासहून अधिक वर्षं तो इटालियनमध्ये लिहीत राहिला आणि १७८२मध्ये तिथंच वारला. त्याचे शब्द मोझार्टपर्यंत कितीतरी संगीतकारांनी सुरांत बांधले. तांब्यांच्या शब्दांनाही वसंत प्रभू आणि हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या, लताबाईंनी ते गायले. ‘मावळत्या दिनकरा’ ठाऊक नाही असं मराठी घर विरळाच.

पण एक फरक आहे. मेतास्तासिओला दरबारानं ऐन उमेदीत बोलावलं. तांब्यांना राजकवीपद मिळालं १९३७मध्ये. त्याआधीच, १९३५ साली, माधव जूलियनांनी संपादित केलेली त्यांची समग्र कविता छापून झाली होती. ७ डिसेंबर १९४१ला तांबे ग्वाल्हेरलाच गेले. पदानं त्यांना मोठं केलं नाही, ते पदाआधीच मोठे होते.

आणि ही मराठी इथं परकी नव्हती. ग्वाल्हेरला जाण्यापूर्वी शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. आपलं गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलं. त्याच मातीतला हा कवी. तरी आपल्या इथल्या मराठी घरांत त्यांचं नाव निघालं, तर ‘ते महाराष्ट्राचे ना?’ असं विचारणारे भेटतात, तेव्हा जिवाला लागतं.

घरातली नातवंडं आता हिंदीतच बोलतात. हरकत नाही. त्यांना जवळ घेऊन ‘या बाळांनो’ म्हणून दाखवा, चाल लावून म्हणा. जरा मोठी झाली की हातात संग्रह द्या. आणि वाचताना तळाशी लिहिलेलं गावाचं नाव गाळू नका. ते आपल्याच मुलखातलं आहे.