एका रात्रीचा मुक्काम



गोष्ट २०२५ सालच्या मे महिन्यातली आहे. तासगाव तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार एके दिवशी सकाळीच माझ्याकडे आले. त्यांचा मुलगा अकरावी-बारावीला आमच्या महाविद्यालयात होता. पुढे तो इंजिनियर झाला, आणि बँकेचे कर्ज काढून जर्मनीत आखेन या गावी शिकायला गेला. वडिलांनी खिशातून मोबाईल काढला आणि माझ्यापुढे धरला. चौघे तरुण एका जुन्या किल्ल्याच्या तटाला टेकून हसत होते. चौघांत आपला हा.

"सर, आमी हितं बँकेचं हप्तं भरतोय, आन् ह्यो तिकडं किल्लं हिंडतोय. तुमीच दोन शब्द सांगा त्याला."

मी म्हटलं, "अण्णा, सांगतो. पण आधी त्याचं काय म्हणणं आहे ते तर ऐकू."

त्या रात्री मुलाशी बोललो. तो जे बोलला ते मला मोलाचे वाटले. म्हणून आज आपल्यापुढे ठेवतो आहे.

परदेशी शिकणाऱ्या मुलाचा खर्च कसा असतो, हे आधी पाहू. जर्मनीत शिकायला जाणाऱ्याला आपल्या निर्वाहाची तजवीज व्हिसाच्या वेळीच दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम वर्षाला ११,९०४ युरो ठरली. बहुतेक मुले ती एका खास खात्यात आगाऊ भरतात, आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच हाती येतात. त्यात खोलीचे भाडे, विमा, जेवण, पुस्तके. शिवाय सरकारी नियमाप्रमाणे वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करण्याची मुभा असते. म्हणजे मुलगा उपाशी राहत नाही. पण खिशात हात घालताना दर वेळी मनात रुपये मोजतो.

हा मुलगाही तेच करी. बरोबरची मुले दोनदा सहलीला निघाली. दोन्ही वेळा त्याने सांगितले, "मला अभ्यास आहे." अभ्यास नव्हता. पैशाची भीती होती, आणि ती सांगायची लाज होती. रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात, रस्ते शांत असतात. तो खोलीत बसून भिंतीकडे पाही. मला म्हणाला, "सर, सहा महिने मी शिकत होतो, पण मला ओळखणारं माणूस एक नव्हतं."

तिसऱ्यांदा विचारणा झाली, तेव्हा त्याने खरे सांगून टाकले. "मला यायचं आहे. पण माझ्याजवळ या महिन्यात पन्नास युरोच निघतील."

त्याला वाटले, आता ही मुले कीव करतील. तसे काही झाले नाही. एक तुर्की मुलगा म्हणाला, "बरं झालं तू बोललास. माझंही तेवढंच." चौघांत एक जर्मन, एक तुर्की, एक आपल्या केरळचा आणि चौथा हा. हॉटेलाचा बेत रद्द झाला, आणि पन्नास युरोंत बसेल अशी सहल आखायला चौघेही कागद घेऊन बसले.

आता त्यांनी ती कशी आखली ते पाहा. २०२४ च्या उन्हाळी सत्रापासून जर्मनीतल्या अनेक विद्यापीठांत विद्यार्थ्यांच्या सत्राच्या शुल्कातच एक प्रवासी पास मिळू लागला. त्यावर देशभरच्या साध्या गाड्यांतून हिंडता येते. जलद एक्सप्रेस गाड्यांना तो चालत नाही. तेव्हा जलद गाडी सोडली, आणि ठिकठिकाणी थांबणारी गाडी धरली. आखेनहून कोलोन, तिथून ऱ्हाईन नदीच्या काठाकाठाने कोब्लेन्झ, आणि पुढे बाखाराख नावाचे छोटे गाव. वेळ जास्त लागला. गाडीभाडे नव्याने एक पैसाही पडले नाही.

बाखाराखच्या माथ्यावर श्टालेक नावाचा किल्ला आहे. १६८९ साली फ्रेंच सैन्याने तो उद्ध्वस्त केला होता. विसाव्या शतकात तो पुन्हा बांधून काढला, आणि आज तिथे युवक-वसतिगृह आहे. हॉटेल नव्हे. एका खोलीत चार-सहाजण, एकावर एक खाटा. चादर आपली आपण घालायची, सकाळी काढून नेमल्या जागी टाकायची. न्याहारी झाली की आपले ताट आपणच उचलायचे. रात्री दहानंतर गडबड नाही. सरदारांच्या किल्ल्यात आता विद्यार्थी झोपतात, आणि चाकर कुणीच नाही!

रात्रीचे जेवण म्हणजे वाटेत कोब्लेन्झला घेतलेले पाव, चीज आणि टोमॅटो. आपल्या या गड्याने सगळ्यांचे पैसे स्वतः भरून टाकले. आपली रीतच ती. पण बाहेर येताच तिघांनी आपापला वाटा पुढे केला. त्याला ते लागले. पंगतीत बसलेल्या पाहुण्याने ताटाचे पैसे पुढे करावेत, तसे वाटले. तेव्हा केरळचा मुलगा म्हणाला, "अरे, तू आज सगळ्यांचे भरलेस, तर पुढच्या खेपेला परत 'अभ्यास आहे' म्हणशील." हे त्याला पटले. ज्याचा त्याने वाटा दिला, म्हणजे कुणी कुणाच्या उपकाराखाली राहत नाही, आणि पुन्हा बरोबर निघायला मोकळा राहतो.

दुसऱ्या दिवशी मी अण्णांना बोलावून घेतले आणि मुलाने पाठवलेला हिशेब वाचून दाखवला. खाट आणि न्याहारी मिळून ३८ युरो. पाव, चीज वगैरेचा वाटा ६ युरो. दोन वेळची कॉफी ३ युरो. एकूण ४७.

अण्णांनी मनातल्या मनात गुणाकार केला. "म्हंजे साडेचार हजार झालं की!"

मी म्हटलं, "रुपयांत तसंच होतं. पण अण्णा, तिथल्या मजुरीत मोजून बघा. या वर्षी जर्मनीत किमान मजुरी तासाला १२.८२ युरो आहे. तुमचा मुलगा आठवड्यातून दोन दिवस काम करतो."

शेतकऱ्याला मजुरीचा हिशेब शिकवावा लागत नाही. ते लगेच म्हणाले, "चार तासबी नाहीत. अर्ध्या दिसाची मजुरी." मग जरा थांबून विचारले, "आन् किल्ल्याखाली बाग कसली हाय त्या फोटूत?"

ती द्राक्षाची बाग होती. मुलाने बापासाठी मुद्दाम चार ओळी लिहिल्या होत्या. ऱ्हाईनच्या काठी उभ्या चढावर द्राक्षे लावतात. जमिनीत पाटीच्या दगडाच्या चिपा असतात. त्या दिवसा उन्हाने तापतात आणि रात्री ती ऊब वेलीला देतात. थंड मुलखात तेवढ्यावर द्राक्ष पिकते. आपल्याकडे उन्हापासून घड झाकायची धडपड, तर तिथे ऊन साठवायची. अण्णांनी ते दोनदा वाचायला लावले. निघताना म्हणाले, "वारीत आमीबी शाळंच्या वऱ्हांड्यातच निजतो की. पडला ह्यो एक रात, त्यात काय!"

शिक्षक मित्रांनो, अण्णा शाळेच्या वऱ्हांड्याबद्दल बोलले, आणि मला एका शिक्षकाची आठवण झाली. या स्वस्त मुक्कामाचा जन्म शाळेतच झाला आहे. आल्टेना गावी रिचर्ड शिरमान नावाचे एक शाळामास्तर होते. १९०९ च्या ऑगस्टमध्ये ते आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी निघाले होते, आणि तेही याच आखेनच्या दिशेने. २६ तारखेला वाटेत भयंकर वादळ झाले. एका खेड्यातल्या शाळेत त्यांना आसरा मिळाला. खाली गवताचा पेंढा पसरला आणि मुले झोपली. बाहेर विजा कडाडत होत्या. गुरुजी मात्र जागे होते. त्यांच्या मनात आले : सुट्टीत शाळा रिकाम्याच असतात. गावोगावच्या शाळेत एक वर्ग मुलांसाठी आणि एक मुलींसाठी उघडला, तर गरीब घरचे पोरसुद्धा आपला देश पायी पाहील.

त्यांनी सुरुवात आपल्याच शाळेपासून केली. पहिल्या महायुद्धापूर्वीच आल्टेनाच्या किल्ल्यात कायमचे वसतिगृह उभे राहिले. तिथल्या जुन्या लाकडी खाटा आजही जपून ठेवल्या आहेत. १९३२ साली अ‍ॅम्स्टरडॅमला निरनिराळ्या देशांतल्या अशा संस्थांचा संघ झाला, आणि शिरमान त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे नाझी राजवटीने ही वसतिगृहे आपल्या ताब्यात घेतली, आणि १९३६ साली गुरुजींना ते पद सोडावे लागले. पण कल्पना मेली नाही. आपल्या देशातही युथ हॉस्टेल्स असोसिएशन ऑफ इंडिया हे काम करते.

मुले परदेशी असलेल्या पालकांना माझे एवढेच सांगणे आहे की, फोटो पाहून रागावण्याआधी हिशेब मागा, आणि तो तिथल्या मजुरीत मोजा. उधळपट्टी असेल तर हिशेबात दिसेलच. नसेल, तर अर्ध्या दिवसाच्या मजुरीत पोराला माणसे मिळाली, हे ध्यानात घ्या. परमुलखात आजारी पडला तर दार ठोठावणारे कोण? बापाला इथून ते जमणार नाही. खाटेच्या वरच्या मजल्यावर झोपलेला मित्रच येईल.

विद्यार्थ्यांनी आपला आकडा आधी सांगावा. निघताना सांगावा, बिल आल्यावर नव्हे. जागा लवकर राखावी, ओळखपत्र जवळ ठेवावे, परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ लिहून घ्यावी, आणि कुठे मुक्काम आहे ते घरी कळवावे.

आणि शिक्षक मित्रांनो, आपल्या शाळेत एखादी खोली सुट्टीत रिकामी असेलच. शेजारच्या तालुक्यातली मुले गड पाहायला आली, तर किल्ली द्यायला मागेपुढे पाहू नका. त्यांना सतरंजी द्या, पाण्याची घागर दाखवा, आणि सकाळी खोली झाडून जायला सांगा.

त्या मुलाचा परवा पुन्हा निरोप आला. आता चौघांचे सहाजण झाले आहेत, आणि पुढच्या सहलीचा हिशेब त्याच्याकडे दिला आहे.