परवाना परीक्षा आणि आपला रात्रीचा वॉर्ड

(जागतिक परिचारिका दिनी, 12 मे रोजी, रुग्णालयाच्या सभागृहात परिचर्या विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या दिवशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या प्रतिमेला पुष्पहार अर्पण करून दीपप्रज्वलन करण्याचा प्रघात आपण पाळत आलो आहोत. मात्र ज्या विषयावर आम्ही आज बोलणार आहोत, त्याला खुद्द बाईंचा कडवा विरोध होता, हे आधीच सांगितलेले बरे. परीक्षा घेऊन परिचारिकांची अधिकृत नोंदवहीत नोंद करावी, ही मागणी इंग्लंडमध्ये 1880 नंतरच्या दशकात जोर धरू लागली, तेव्हा नाइटिंगेल तिच्याविरुद्ध उभ्या राहिल्या. परिचारिकेची कळकळ, सचोटी आणि स्वभाव परीक्षेच्या कागदावर उतरत नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. काळाने कौल दुसऱ्या बाजूला दिला. न्यूझीलंडने 1901 साली नोंदणीचा कायदा केला, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्याने 1903 साली केला, इंग्लंडने 1919 साली केला. आपल्या मुंबई इलाख्यात तो 1935 साली आला आणि भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा 1947 च्या अखेरीस झाला.

आपल्याकडे जीएनएम पदविका किंवा बीएस्सी पदवीची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झालेल्या परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते आणि तिला काम करण्याचा अधिकार मिळतो. अमेरिकेत तेवढ्यावर भागत नाही. शिक्षण पूर्ण केलेल्या प्रत्येकीला परवान्यासाठी एक स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते. तिचे नाव एनक्लेक्स. ही परीक्षा मुंबईच्या केंद्रातही देता येते, आणि आपल्या काही परिचारिका गेली काही वर्षे रात्रपाळी सांभाळून तिचा अभ्यास करीत आहेत. संस्थेने त्यांना अभ्यासासाठी खोली, संगणक आणि आठवड्यातून दोन वेळा पाठ्यनिर्देशिकांचे मार्गदर्शन उपलब्ध करून दिले आहे.

यावर आपल्यापैकी काहींनी विश्वस्त मंडळाला सरळ प्रश्न विचारला, की परदेशी जाणाऱ्यांसाठी धर्मादाय रुग्णालयाने आपले दिवे का जाळावेत? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यापूर्वी ही परीक्षा आहे तरी काय, हे सांगणे आवश्यक वाटते.

1994 पूर्वी ती कागदावर, दोन दिवस चालत असे. त्या वर्षापासून ती संगणकावर आली आणि तिचे स्वरूपच पालटले. उत्तर बरोबर आले, की संगणक पुढचा प्रश्न अधिक अवघड देतो. चुकले, की सोपा देतो. उमेदवाराची योग्यता ठरलेल्या पातळीच्या वर आहे की खाली, याची 95 टक्के खात्री पटली, की यंत्र थांबते. कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, वेळ पाच तास. त्यामुळे 85 व्या प्रश्नाला पडदा कोरा झाला, तर आनंद मानावा की धसका घ्यावा, हे कोणालाच कळत नाही. उत्तम उमेदवारही तेथेच थांबतो आणि अगदी कच्चाही. केंद्रात शिरताना छायाचित्र, सही आणि तळहाताच्या शिरांची नोंद घेतली जाते. स्वतःचा कागद-पेन्सिल आत नेता येत नाही, पुसता येणारी एक पाटी मात्र देतात. आपल्या मुलींना या पाटीचे भारी कौतुक!

प्रश्नांत परकेपणा पुष्कळ आहे. वजने पौंडात असतात, पथ्यातील पदार्थ आपल्या स्वयंपाकघरात कधी न आलेले असतात आणि जे काम आपल्याकडे रुग्णाची आई किंवा सून करते, ते तेथे पगारी मदतनिसाकडे सोपवायचे असते. हे सारे पाठांतराने जमते. खरी अडचण निराळी आहे, आणि तिच्यासाठीच आम्ही आपला वेळ घेत आहोत.

असा एक प्रश्न समजा. पाळी सुरू होताच चार रुग्ण आपल्या ताब्यात आले. एकाचे काल शस्त्रक्रिया झालेले पोट दुखत आहे व तो गोळी मागत आहे. दुसऱ्याची रक्तशर्करा 240 आहे. तिसऱ्याला घरी जायचे असून कागदांसाठी त्याचे नातलग दारात उभे आहेत. चौथे आजोबा मांडीचे हाड मोडून आलेले; कालपर्यंत व्यवस्थित बोलत होते, आज बिछान्यात चुळबुळ करीत आहेत आणि आपण कोठे आहोत हे त्यांना उमगत नाही. प्रथम कोणाकडे जाल? उत्तर आहे, आजोबांकडे. मोठे हाड मोडलेल्या रुग्णाला एकाएकी आलेला अस्वस्थपणा आणि भ्रम हे मेंदूला प्राणवायू कमी पडत असल्याचे पहिले चिन्ह असू शकते. आजोबा काही मागत नाहीत, कोणी त्यांच्या वतीने भांडतही नाही. ज्याच्या नातलगांचा आवाज मोठा, त्याच्याकडे आधी धाव घेण्याची सवय कोणत्याही भरलेल्या वॉर्डात लागते. येथे बसलेल्या आप्तेष्टांनी आमच्या या स्पष्टोक्तीचा राग मानू नये.

दुसरे उदाहरण. रक्त चढवताना रुग्णाला थंडी वाजू लागली, कंबर दुखू लागली. आपल्याकडे शिकलेल्या परिचारिकेच्या तोंडी पहिले उत्तर येते, 'डॉक्टरांना कळवावे.' परीक्षेत ते पर्यायांमध्ये असते आणि ते चूक ठरते. आधी रक्त थांबवायचे, मग नवी नळी जोडून सलाइनने शीर चालू ठेवायची, रुग्णाची नाडी, रक्तदाब, ताप पाहायचा, आणि त्याच दमात डॉक्टरांना बोलवायचे. डॉक्टरांना कळवणे हे वावगे नव्हे. पण ते येईपर्यंतच्या चार मिनिटांत परिचारिकेने काय केले, हेच ही परीक्षा विचारते. एप्रिल 2023 पासून तर तिच्यात संपूर्ण रुग्णवृत्तांत देऊन सहा पायऱ्यांनी विचारतात: कोणती लक्षणे ध्यानात घेतलीत, त्यांचा अर्थ काय लावलात, कोणती शक्यता सर्वांत गंभीर मानलीत, कोणते उपाय सुचले, त्यांपैकी काय केलेत आणि त्याचा परिणाम काय दिसला.

आमच्या एका ज्येष्ठ सहकारी भगिनीचा अनुभव तिच्या संमतीने, नाव न घेता, सांगतो. बारा वर्षांचा वॉर्डचा अनुभव, हात असा की लहान मुलाची शीर पहिल्या प्रयत्नात सापडावी. ती पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झाली. अनुत्तीर्ण उमेदवाराला एक अहवाल मिळतो. त्यात प्रत्येक विभागात आपण पातळीच्या वर, जवळपास की खाली, एवढेच लिहिलेले असते. औषधांच्या विभागात ती वर होती. रुग्णसेवेच्या नियोजनात, म्हणजे कोणाकडे आधी जावे, कोणते काम कोणावर सोपवावे, या विभागात खाली. तिला ते फार लागले. आठ दिवस ती अभ्यासाच्या खोलीकडे फिरकली नाही. पुन्हा बसण्यापूर्वी किमान 45 दिवस थांबावे लागते. त्या दिवसांत तिने एक नवीच रीत सुरू केली. रात्रपाळीचा ताबा घेताना आपल्या रुग्णांचा क्रम ती मनाशी लावी, कारणासह वहीत टिपून ठेवी आणि सकाळी तो क्रम बरोबर ठरला की नाही, हे परिसेविकांशी ताडून पाही. परीक्षेसाठी वेगळा अभ्यास करायला तिला सवड नव्हती. तिने वॉर्डचाच अभ्यास केला. दुसऱ्या खेपेस ती उत्तीर्ण झाली.

ती वही आता एकटीची राहिलेली नाही. पुरुष शल्य विभागात आज ताबा देताघेताना हा क्रम सर्वांनीच तोंडी सांगायचा असतो, परीक्षेला बसणाऱ्यांनी आणि ज्यांना परदेशाचे नावही नको त्यांनीसुद्धा. विश्वस्तांच्या प्रश्नाला आमचे पहिले उत्तर हे आहे.

दुसरे उत्तर कोरडे आहे, पण व्यवहाराचे आहे. परवाना परीक्षा उत्तीर्ण होणे म्हणजे विमानात बसणे नव्हे. शैक्षणिक कागदपत्रांची तपासणी, इंग्रजी भाषेची परीक्षा, आणि त्यानंतर भारतीयांसाठी वर्षानुवर्षे लांबलेली स्थलांतराच्या व्हिसाची रांग. म्हणून उत्तीर्ण झालेल्या बहुतेक जणी पुढे कित्येक वर्षे याच वॉर्डांत असतात, अधिक सावध आणि अधिक निर्णयक्षम होऊन.

अर्थात काही जणी जातील. त्यांना जाऊ द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परिचारिकांची मूळ प्रमाणपत्रे कपाटात अडकवून किंवा करारनाम्याचा धाक घालून त्यांना थोपवण्याची रीत काही ठिकाणी चालत आली. तिने परिचारिका टिकल्या नाहीत, कडवटपणा तेवढा टिकला. आपल्या विश्वस्त मंडळाने ती रीत कधी स्वीकारली नाही, याचा आम्हाला अभिमान आहे. तथापि जाणाऱ्यांच्या जागी नव्या येईपर्यंत रात्रपाळीत हात कमी पडतात, हेही आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. पगार, राहण्याची सोय आणि पाळ्यांची संख्या या तीन गोष्टी सुधारल्या, तर त्यांतल्या काही जणी राहतील. अभ्यासाची खोली बंद केल्याने कोणीही राहणार नाही.

आता मागणे. 2024 साली या परीक्षेचे शुल्क 200 डॉलर आणि अमेरिकेबाहेरच्या केंद्रासाठी आणखी 150 डॉलर होते. कागदपत्रांच्या तपासणीचा खर्च निराळा. हा भार परिचारिका स्वतःच उचलतात आणि त्यासाठी आम्ही देणगी मागत नाही. देणगी हवी आहे ती अभ्यासाच्या खोलीतील आणखी दोन संगणकांसाठी, आणि ती खोली आपल्या जीएनएमच्या विद्यार्थिनींनाही खुली राहावी म्हणून. ज्यांना पुस्तके द्यावयाची असतील, त्यांनी कृपया 2023 नंतरच्या आवृत्त्या द्याव्यात. जुनी पुस्तके प्रेमाने येतात, परंतु त्यांतील परीक्षा आता होत नाही. खोली दुसऱ्या मजल्यावर, औषधभांडाराशेजारी आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत येऊन आपण वर्ग पाहू शकता. पूर्वसूचना देण्याची गरज नाही.